लवकर घातलेलं न्हाण

कस्तुराबाई नर्सचे आभार मानायचे राहून गेले, असं मी चार बायकांत म्हटलं की त्या हसतात. नर्सबाईचे कसले आभार, त्यांचं कामच ते, म्हणतात. असेल. पण त्या शनिवारी कस्तुराबाई आमच्या गावच्या शाळेत आल्या नसत्या तर आमच्या घरातलं एक माणूस आज नसतं. त्या बदलून कुठं गेल्या ते मला कळलं नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

सत्त्याऐंशी सालचा हिवाळा. आमचं गाव बोरीपासून दोन कोस आत, कच्च्या रस्त्यानं. मी माहेरची परभणीची. नामांतराच्या मोर्च्यांपायी कॉलेज कधी चालू, कधी बंद, अशात बी.ए. झाले आणि लगेच लग्न होऊन इथं आले. हे मानवतला जिनिंगमध्ये नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येत. घरात सासरे व्यंकटराव, त्यांना मी मामंजी म्हणते; सासू नर्मदाबाई, त्यांना आत्याबाई म्हणते; धाकटी नणंद सुला, आणि माझी सात महिन्यांची चिमी. सुला सोळा वर्षांची, गावच्याच शाळेत दहावीला.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. चिमी जरा जास्त वेळ झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. असं सारखं बघत राहणाऱ्या माणसाला नको ते पण दिसतं.

सुला दर महिन्याला तीन दिवस बाजूला बसायची. गोठ्याच्या पडवीत पोत्यावर. त्या दिवसांत तिचं पोट इतकं दुखायचं की गुडघे छातीशी घेऊन ती भिंतीकडं तोंड करून पडायची. आत्याबाई लांबून ओव्याचं गरम पाणी सरकवायच्या. यात नवल काही नव्हतं, खूप पोरींचं दुखतं. नवल दुसरंच होतं. गोठ्यामागच्या दगडावर मी रोज चिमीची दुपटी धुवायची. बाजूच्या कुंपणावर जुन्या धोतराखाली आम्हा बायकांच्या त्या दिवसांतल्या घड्या वाळायच्या, कोणाला दिसू नयेत अशा. माझ्या तिथं असायच्या. सुलाची घडी मी दोन वर्षांत एकदाही बघितली नव्हती.

आधी वाटलं, लाजत असेल, दुसरीकडं वाळत घालत असेल. मग दिवाळीच्या सुमाराला तिचं पोट दिसायला लागलं. अंगानं काडी, आणि बेंबीखाली मात्र लहानसं गाडगं झाकून ठेवल्यासारखा उंचवटा. ती परकराची नाडी वर बांधायला लागली, शाळेत जाताना दप्तर पुढं धरायला लागली.

मी नुकतीच बाळंतपणातून उठलेली. मला जे वाटायचं तेच वाटलं. बोटांवर महिने मोजले. कोण असेल, कधी झालं असेल, याचा विचार करत मी भाकरी थापायची आणि भाकरी करपायची. चिमीला सुलाच्या मांडीवर द्यायचं मी बंद केलं. का केलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. काहीतरी निमित्त काढून मी लेकरू उचलून घ्यायची, आणि सुलाचे हात तसेच पुढं राहायचे.

मी कोणाला बोलले नाही, यांनासुद्धा नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीवरची एक पोर सुईणीनं दिलेल्या औषधानं गेली होती. पोटात दुखून गेली, एवढंच सगळे म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी विषय संपला. मी तोंड उघडलं तर सुलाचं तेच होईल, ही माझी भीती. आणि नाही उघडलं तरी फार दिवस झाकून राहणार नव्हतं. शेजारच्या तानुबाईनं हातपंपावर कळशी भरता भरता मला विचारलंच.

"तुमच्या सुलाचं अंग लय भरायलंय बाई. आमच्या पोरी तर तुरीच्या काड्या. काय खाऊ घालायलाव, आमाला बी सांगा की."

पंपावरच्या बाकीच्या बायका हसल्या. मी पण हसले, आणि घरी येईपर्यंत अर्धी कळशी अंगावर सांडली.

त्यात सुलाचे मामा, लिंबाजीमामा, यांनी मानवतचं एक स्थळ आणलेलं. संक्रांत झाली की माणसं बघायला येणार होती.

अशात एका गुरुवारी शाळेचे हेडमास्तर बन्सीधर गुरुजी घरी आले. आरोग्य केंद्रातली नर्स शनिवारी येणार, आठवी ते दहावीच्या मुलींशी बोलणार. शाळेत बाई शिक्षिका एकही नाही, आणि घराघरांतून पोरींना त्या दिवशी पाठवत नाही असे निरोप यायला लागलेत. व्यंकटरावांची शिकलेली सून सोबत बसली तर लोक पाठवतील, असं त्यांचं म्हणणं. नर्स सांगणार काय, असं मामंजींनी विचारलं तर गुरुजी छताकडं बघत म्हणाले, स्वच्छता वगैरे. मामंजींनी सुपारी कातरून होईपर्यंत विचार केला आणि म्हणाले, बसतील सूनबाई.

मला जायचं नव्हतं. नर्सची नजर सुलावर पडली की एका क्षणात तिला कळेल, या धास्तीनं मी दोन दिवस नीट जेवले नाही.

शनिवारी सकाळची शाळा. गुरुजींनी पोरांना लांबच्या मैदानावर पिटाळलं आणि स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसले, कोणी फिरकू नये म्हणून. तेवीस मुली आल्या. खिडक्या त्यांनी स्वतःच लावून घेतल्या. कस्तुराबाई फाट्यापासून चालत आल्या, एका पायात चप्पल, दुसरी तुटलेली हातात. पन्नाशीच्या असतील. पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. चप्पल दाराशी ठेवत म्हणाल्या, "हिचं आपरेशन करायचं हाय, कोणाकडं सुई-दोरा हाय का?" मुली हसल्या. तेवढ्यानं खोलीतली हवा जरा हलली.

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली बसल्या, मुलींना गोल बसवलं आणि मध्ये फरशीवर खडूनं चित्र काढलं. उलटा टांगलेला पेरू, त्याला दोन्ही बाजूंनी दोन फांद्या. ही पिशवी, म्हणाल्या, प्रत्येकीच्या पोटात हाय, सरपंचाच्या बायकोच्या बी आणि माझ्या बी. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. हळूहळू त्या हसायच्या थांबल्या. पाळी का येते, रक्त कुठून येतं, त्यात विटाळ काय नाही, घडी उन्हातच का वाळवायची, हे त्यांनी सांगितलं. आणि मग लेकरू कसं राहतं, ते पण सांगितलं. कुठं अडखळल्या नाहीत, आवाज खाली आणला नाही. पीठ कसं मळावं ते सांगावं तसं. मी एका लेकराची आई, तरी मान खाली घालून बसले होते. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. माझी बी.ए. राज्यशास्त्रात.

शेवटी त्यांनी प्रत्येकीला कागदाचा एकेक तुकडा दिला. काय विचारायचं ते लिहा, नाव घालू नका. ज्यांना काही विचारायचं नाही त्यांनी कोरा कागद घडी करून टाका. म्हणजे कोणी लिहिलं ते कोणाला कळणार नाही. खडूच्या रिकाम्या पेटीत चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि पेटी त्यांनी माझ्याकडं दिली. तुम्ही वाचा, मी उत्तर देते.

पहिल्या चार-पाच सोप्या होत्या. त्या दिवसांत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का. डोक्यावरून आंघोळ केली तर डोळे जातात का. त्यानंतरची उघडली आणि माझा हात थांबला. सुलाच्या वह्या मी रोज संध्याकाळी बघत होते, तिचं अक्षर मला अंधारातही ओळखू आलं असतं.

'माझं न्हाण आईनं लवकर घातलं, मामा आला होता म्हणून. पण मला अजून एकदा पण आलं नाही. दर महिन्याला पोट फुटंल असं दुखतं. आता पोट वाढायलंय. मी मरणार का.'

वर बघायचं नाही, एवढं मला सुचलं. मामाचं आणि न्हाणाचं सोडून मी पुढचं वाचलं, जमेल तितक्या सरळ आवाजात. एका मुलीला अजून एकदाही आलेलं नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं आणि आता पोट वाढतंय. ती मरणार का?

कस्तुराबाई बोटांचा खडू पुसत होत्या. त्यांनीही वर बघितलं नाही.

"न्हाई मरणार," त्या म्हणाल्या. "पण वेळ घालवायचा न्हाई. आसं बघा, एखादीला जन्मापासूनच वाटेच्या तोंडाशी पातळ पडदा असतो, पुरता बंद. तिला पाळी येतीच, पण बाहेर यायला वाट न्हाई. महिन्याच्या महिन्याला आत साठत राहतं. म्हणून दुखतं, म्हणून पोट वर येतं. ह्यात त्या पोरीची काई चूक न्हाई, आन ती वांझ बी न्हाई. परभणीला डॉक्टरीणबाई लहानसा चिरा देतात, घटकाभराचं काम. तिनं आजच्या आज घरात सांगावं. आईला जमत नसंल तर मावशीला, वहिनीला. कोणालाबी."

पुढच्या चिठ्ठ्या मी कशा वाचल्या मला आठवत नाही. मी माझ्याशीच बोलत होते. दोन वर्षं एका ताटाला ताट लावून जेवलेल्या पोरीबद्दल मी काय ठरवून बसले होते, आणि ती इकडं मरणाची वाट बघत होती.

मुली गेल्यावर कस्तुराबाईंनी मला पाण्याच्या टाकीपाशी थांबवलं. चिठ्ठी कोणाची ते मी विचारत नाही, म्हणाल्या, पण वाचताना तुमचा चेहरा बदलला. पिशवीतून कागद काढून त्यांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं चार ओळी लिहून दिल्या. आठवड्याच्या आत न्या, लघवी तुंबायला लागली तर तेवढेही दिवस नाहीत. मग दाभणानं शिवलेली चप्पल घालून त्या फाट्याकडं चालायला लागल्या.

आत्याबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. चिमीला मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, सुलाला खरंच पदर आलाय का. सूप थांबलं. त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. दोन वर्षं कोणी विचारावं म्हणूनच थांबल्या असाव्यात, तसं सगळं बाहेर आलं.

मी या घरात यायच्या जरा आधी लिंबाजीमामा मानवतहून चार दिवसांसाठी आले होते. नेमकं त्याच वेळी सुलाचं पोट पहिल्यांदा दुखलं, कंबर धरली. आज-उद्या येणारच, असं आत्याबाईंनी धरलं. भाचीच्या न्हाणाला मामाचं लुगडं लागतं. मामा आयता घरात, परत कुठं बोलवायचा? त्यांनी आलं म्हणून सांगून टाकलं. हळद लावली, न्हाऊ घातलं, ओटी भरली, गावाला पुरणाचं जेवण घातलं. आणि ते आलंच नाही. पुढच्या महिन्यात येईल, त्याच्या पुढच्या महिन्यात येईल, करता करता गावाला खोटं पडू नये म्हणून पोट दुखलं की त्या पोरीला बाजूला बसवायला लागल्या.

"देवाच्या नावानं खोटी ओटी भरली म्हून हे झालं बग," त्या म्हणाल्या. "माजंच पाप तिच्या पोटात वाढायलंय."

मी त्यांना पेरूचं चित्र ज्वारीच्या दाण्यांनी सुपात काढून दाखवलं. पडद्याचं सांगितलं, चिऱ्याचं सांगितलं. चिरा म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं.

"तिथं चिरा? आन मग लग्नात नवऱ्याला काय सांगावं?"

"डॉक्टर लिहून देतात, आत्याबाई. कागद मिळतो."

"पहिल्या रातीला कागद कोण वाचतंय ग बाई."

मी चिमीकडं बघितलं. उद्या हिच्या पोटात असं काही साठत गेलं आणि मी घाबरून गप्प बसले तर, असा विचार आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिली रात यायला पोर जिवंत तर पाहिजे."

आत्याबाईंनी दाण्यांवरून एकदा हात फिरवला. मग उठल्या, पदर खोचला आणि गोठ्याकडं गेल्या, जिथं मामंजी बैलांना चारा टाकत होते. मी चुलीपाशी बसून कानोसा घेत होते. ओरडणं ऐकू येईल, काहीतरी फेकल्याचा आवाज येईल, असं वाटत होतं. काहीच आलं नाही. थोड्या वेळानं मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिथं ते कधी येत नसत. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"सूनबाई, तुमी शिकलेल्या हाव. खरं सांगा. पोरीची काई चूक हाय का?"

"नाही मामंजी. तिचं जन्मापासूनच तसं आहे."

त्यांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं, दोनदा. तानुबाईचा तो विनोद पुरुषांतही फिरून त्यांच्यापर्यंत आला होता, हे मला पुढं कळलं. तेही माझ्यासारखेच मनात धरून बसलेले.

"मग जल्दी करा," ते म्हणाले. "मी सकाळी गाडी जुंपतो. गावाला सांगू, चिमीला दवाखान्यात न्यायचंय."

लेकराच्या नावानं दुखणं सांगायचं मला नको वाटलं. पण मी हो म्हणाले. सकाळी तानुबाईनं विचारलं तेव्हा मी स्वतःच सांगितलं, चिमीला ताप आहे. चिमी माझ्या खांद्यावरून तिच्याकडं बघून खिदळत होती. तानुबाई म्हणाली, "हसरा ताप दिसतोय." आम्ही गाडीत बसलो. बोरीपर्यंत मामंजींनी बैलांना एकदाही चाबूक दाखवला नाही. सुलाला हिसका बसू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याशी उतरून बैल हातानं धरत होते. बोरीहून एसटीनं परभणी.

डॉक्टरीणबाईंनी कस्तुराबाईंची चिठ्ठी वाचली, सुलाला आत नेलं आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, नर्सनं बरोबर ओळखलंय. अजून महिनाभर थांबला असता तर अवघड झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते काम केलं. आत्याबाई दाराबाहेर फरशीवर बसून होत्या, मामंजी लांब कडुनिंबाखाली उभे. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. दोन वर्षांचं साठलेलं, काळं, दाट, सगळं निघालं. पोर बरी आहे.

"तिला लेकरं हुतील का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न व्हायला काय झालं? आत सगळं नीट आहे."

आत्याबाई त्यांच्या पायाशी वाकल्या. डॉक्टरीणबाई मागं सरकल्या आणि म्हणाल्या, पाया पडायचं तर त्या नर्सच्या पडा, मी फक्त चिरा दिला.

दुपारी वॉर्डात सुलापाशी मी एकटीच होते. आत्याबाई खालून चहा आणायला गेलेल्या. तिचं पोट चादरीखाली सपाट दिसत होतं. चेहरा पांढरा, पण कपाळावरची ती कायमची आठी गेलेली. मी चिमीला तिच्या कुशीत ठेवलं. तिनं लगेच हात टाकला. मला राहवलं नाही.

"सुला, मी तुझ्यावर संशय घेतला होता," मी म्हटलं. "दिवाळीपासून. मला वाटलं, तुला दिवस गेलेत."

ती चिमीची मूठ उघडत, मिटत होती.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं, वहिनी."

मला आधी कळलंच नाही. मग ती थांबत थांबत सांगायला लागली. पावसाळ्यात बोरीला शाळेचे खेळ झाले. परत येताना गाडीत दाटी. तिच्या वर्गातला भुजंग तिला खेटून बसला होता, फाट्यापर्यंत त्याचा दंड तिच्या दंडाला लागत होता. तिलाही ते बरं वाटलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. मग पोट वाढायला लागलं तेव्हा तिनं त्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. मी जसे मोजत होते तसेच, त्याच घरात, माझ्यापासून दहा हातांवर.

"कोणाला इचारावं? आईला इचारलं असतं तर तिनं धरलंच असतं की मी काईतरी केलं. मळ्यातल्या हिरीवर दोन डाव जाऊन आले मी. दुसऱ्या डावाला चपला बी काढल्या व्हत्या. मग गुरुजी म्हणले, शनवारी नर्सबाई येणार हाय. म्हणलं, तेवढं ऐकावं." तिनं चिमीच्या टाळूवर गाल टेकवला. "लेकरू कसं ऱ्हातं ते त्यांनी सांगितलं, तवा मला कळलं की माज्या पोटात लेकरू न्हाई. आसं खेटून बसून कायबी हुत न्हाई. तवा कागद घेतला हातात. तोवर तर कोराच टाकणार व्हते."

मी तिचा हात धरला. सुला आणि ती विहीर यांच्यामध्ये तुटकी चप्पल हातात धरून एक बाई चालत आली होती, एवढंच मला दिसत होतं, आणि माझे डोळे थांबेनात. सुलाही रडायला लागली.

आत्याबाई चहाची किटली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय झालं ग दोघीला? दुखायलंय का परत?"

"न्हाई आई," सुला डोळे पुसत म्हणाली. "भूक लागलीय."

आत्याबाईंनी किटली खाली ठेवली आणि घाईघाईनं भाकरीचं गाठोडं सोडायला लागल्या.